वीस फूट दोरी

आमच्या वाचनालयातून पुस्तकांबरोबर बाहुल्याही घरी न्यायला मिळतात. अमेरिकेतल्या काही सार्वजनिक वाचनालयांनी ही सोय केली आहे. महागडी बाहुली प्रत्येक घराला परवडत नाही, म्हणून ती पुस्तकासारखी नेऊन दोन आठवड्यांनी परत करायची. मिनियापोलिसजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात मी शनिवारी मुलांच्या विभागात मदतीला जाते. जूनमध्ये शाळा सुटल्या त्याच आठवड्यात ग्रंथपाल बाईंनी माझ्या हाती एक मोठं खोकं दिलं. त्यात बाहुलीचं लाकडी फर्निचर होतं : एक खाट, एक टेबल, दोन बाक, झाकणाची पेटी आणि एक छोटा दिवा. कर्स्टन नावाच्या बाहुलीबरोबर हा संच मुलांना द्यावा की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. तुमच्या मुलीला दोन आठवडे खेळू द्या आणि काय वाटलं ते पानभर लिहून द्या, असं त्यांनी सांगितलं.

कर्स्टन ही ‘अमेरिकन गर्ल’ या मालिकेतली बाहुली. प्लेझंट रोलंड नावाच्या, पूर्वी शिक्षिका असलेल्या बाईंनी १९८६ साली विस्कॉन्सिन राज्यात ही मालिका सुरू केली. व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग हे जुन्या वळणाचं जतन केलेलं गाव पाहताना त्यांना ही कल्पना सुचली. पहिल्या तीन बाहुल्या तीन वेगवेगळ्या काळांतल्या : १८५४ची कर्स्टन, १९०४ची समांथा आणि १९४४ची मॉली. प्रत्येकीची उंची १८ इंच, आणि प्रत्येकीची गोष्ट सांगणारी पुस्तकं. कर्स्टन स्वीडनहून आईवडिलांबरोबर मिनेसोटात आलेली मुलगी. वाटेत बोटीवर तिची मैत्रीण मार्ता कॉलऱ्याने जाते. पुढे गाडीत जागा नसल्यामुळे घरच्यांना सामानाच्या पेट्या मागे सोडाव्या लागतात, आणि त्या हाती लागतात हिवाळ्यात, सांता लुसियाच्या सणाच्या सुमारास. जॅनेट शॉ यांनी लिहिलेली ही पुस्तकं लेकीने दोनदा वाचली आहेत. खोक्यात पेटी दिसल्याबरोबर ती म्हणाली, “आई, ही तीच मागे राहिलेली पेटी.”

हा संच मात्र दुसऱ्याच एका छोट्या कंपनीचा होता. १८ इंची बाहुल्यांना चालेल असं फर्निचर बरेच जण करतात. खोक्यावर १८५४ साल आणि ओंडक्यांच्या घराचं चित्र छापलं होतं.

अभिप्राय लिहायचा तर सुरुवात मापापासून करायची, असं आम्ही ठरवलं. कर्स्टन पुस्तकात नऊ वर्षांची आहे, लेकही नऊ वर्षांची. तिची उंची चार फूट पाच इंच, म्हणजे ५३. बाहुली १८. म्हणजे बाहुलीच्या जगातली प्रत्येक वस्तू आपल्या वस्तूच्या एक तृतीयांश हवी. लेकीने वही घेतली आणि प्रत्येक मापाला तीनने गुणायला लागली. बाकाची बैठक साडेपाच इंच. तिप्पट केली तर साडेसोळा, अगदी बरोबर. टेबल आठ इंच उंच, तिप्पट चोवीस. आमचं जेवणाचं टेबल तीस इंचांचं आहे. “एवढ्या बुटक्या टेबलावर जेवायचं म्हणजे गुडघे आपटणार,” ती म्हणाली.

गुडघ्यांचा प्रश्न तर आणखीच मोठा निघाला. या बाहुल्यांचं धड कापडाचं असतं, हातपाय कडक व्हिनिलचे आणि आतून इलॅस्टिकने बांधलेले. पाय गुडघ्यात वळत नाहीत. बाहुली बसवली की पाय समोर सरळ पसरतात. टेबलाखाली हे पाय जायचे तर बैठक आणि टेबल यांच्यात मोकळी जागा पाहिजे. या टेबलाच्या फळीखाली चारी बाजूंनी दीड इंचाची पट्टी ठोकली होती. फळीची जाडी धरून राहिला अर्धा इंच. बाहुलीचा पाय त्यात शिरेना. बाकाला पाठ नाही, डोकं जड, त्यामुळे टेबलापासून लांब बसवली की ती मागे कलंडायची. जुन्या घरांत बिनपाठीचे बाक असत, हे खरं. पण बनवणाऱ्याने एकदा तरी बाहुली त्यावर बसवून पाहायला हवी होती. हे मी वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं.

मग पेटी. बारा इंच लांब, सात रुंद, झाकण घुमटासारखं, निळसर हिरवा रंग, पुढे फुलांची नक्षी आणि १८५४चा आकडा. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या पेट्या अशाच असत. पुढच्या बाजूला नाव आणि साल रंगवलेलं, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, कोपऱ्यांना फळ्या एकमेकींच्या खाचांत अडकवलेल्या. हा आकडा पाहून मला आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आठवली. बाबा शिकायला साताऱ्याला बोर्डिंगात गेले तेव्हा आजोबांनी पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहून घेतलं होतं. आपली वस्तू परक्या ठिकाणी हरवू नये म्हणून माणसं सगळीकडे हेच करतात.

लेकीने पेटीची मापं तिप्पट केली आणि हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीने छत्तीस इंच बाय एकवीस इंचांचा चौकोन आखला. त्यात ती मांडी घालून बसली. “एवढ्यात सगळं घर?” तिने विचारलं. मी तिला सांगितलं, शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागायचे, आणि पुष्कळांना वाटेतलं खाणंही बरोबर घ्यावं लागायचं. अंथरूण, कपडे, हत्यारं, भांडी, सगळं अशा एकदोन पेट्यांत. मी या देशात आले तेव्हा तेवीस किलोच्या दोन बॅगा होत्या. एकीत कुकर होता, आणि त्या कुकरच्या आत आईने गोडा मसाल्याची पुडी ठेवली होती. हे ऐकून लेक उठली. कागदाचे तुकडे करून त्यांवर एकेक वस्तूचं नाव लिहिलं आणि ते चौकोनात रचायला लागली. मावेनात तेव्हा तिने आधी खेळणी बाहेर काढली, मग एक कोट. विळी, कुऱ्हाड आणि बियाणं शेवटपर्यंत आतच राहिलं. विळी माझ्याकडून आली होती, कुऱ्हाड पुस्तकातून.

पेटी चौथ्या दिवशी मोडली. झाकणाच्या बिजागरीचे स्क्रू केसासारखे बारीक होते आणि फळी खऱ्या लाकडाची नव्हती, भुसा दाबून केलेली होती. उघडमीट करता करता स्क्रूचं भोक सैल झालं आणि झाकण हातात आलं. तेव्हा जवळून पाहिलं तर लोखंडी पट्ट्या म्हणजे छापील स्टिकर होते आणि कोपऱ्यांच्या खाचा नुसत्या रेघा ओढून दाखवल्या होत्या. मला खरोखर वाईट वाटलं. माझ्या लहानपणी आईने सावंतवाडीहून लाकडी भातुकली आणली होती. तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी करून रंगवतात. त्यातलं जातं एवढंसं, पण त्याला खुंटा होता आणि वरची तळी खरंच फिरायची. त्या जात्यावर बसून मी आजीसारखं दळायचे. पुढे आजीने मला खऱ्या जात्याला हात लावू दिला तेव्हा खुंटा कसा धरायचा हे मला सांगावं लागलं नाही. खेळण्याची परीक्षा मी तेव्हापासून तशीच करत आले आहे : ते चालतं का?

दिव्याची चूक वेगळी होती. काचेच्या चिमणीचा, वात वरखाली करायची चावी असलेला रॉकेलचा दिवा. दिसायला सगळ्यात सुरेख, पण १८५४च्या झोपडीत तो नको होता. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथे ड्रेकची तेलविहीर लागली १८५९ साली, आणि त्यानंतर रॉकेल साध्या माणसाच्या घरात पोचलं. कर्स्टनच्या घरी मेणबत्ती शोभली असती. पाच वर्षांचा फरक कुणाला क्षुल्लक वाटेल. पण साल खोक्यावर छापलं आहे, आणि मुलं छापलेलं खरं मानतात.

आता खाट. ती चौकटीच्या चार फळ्या आणि चार पाय एवढीच होती, मधे काहीच नाही. उशापायथ्याला पाच-पाच भोकं, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पिशवीत वीस फूट सुती दोरी. सूचनापत्रकात एकच चित्र, तेही पुरं झालेल्या खाटेचं. आम्ही दोघींनी तासभर खटपट केली. दोरी मधेच सैल पडायची, एकीकडून ओढली की दुसरीकडे चौकट तिरकी व्हायची. शेवटी साताऱ्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. गावाकडच्या घरी बाज विणायचं काम त्यांच्याकडेच असायचं.

लेकीने खाट कॅमेऱ्यासमोर धरली. “आजोबा, ही दोरी कशी ओवायची सांगा ना.”

बाबांनी चष्मा चढवला. “आधी कुठेही ताणू नकोस बाळा. सगळी सैल ओवून घे. पहिल्या भोकाबाहेर गाठ मार. आता उशाकडून पायथ्याला, बाहेरून शेजारच्या भोकात, आणि परत उशाला.”

“आणि आडवी?”

“आडवी एकदा वरून, एकदा खालून. चटई विणतात तशी. आणि ओढायचं शेवटी, गाठीपासून धरून एकेक फेरा.”

उभे पाच फेरे झाले, आडवे नऊ. मग लेकीने गाठीपासून एकेक फेरा ओढत आणला. प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी दोरी मोकळी होऊन हातात यायची आणि मागचे चौकोन घट्ट व्हायचे. शेवटची गाठ मारायला मी बोट धरलं. तिने वरून तळवा दाबला. दोरी जरा दबली आणि परत वर आली. बाबांनी खाट नीट पाहिली आणि म्हणाले, “आपली बाज तिरकी विणतात, हिचे चौकोन सरळ आहेत. बाकी काम तेच. रोज निजलं की ही सैल पडणार बघ. आम्ही पायथ्याची दोरी ओढायचो. यांचं काय करतात?”

ते आम्ही त्या रविवारी शोधलं. स्कँडिया गावात गामेलगोर्डेन नावाचं स्वीडिश वसाहतीचं खुलं संग्रहालय आहे. मिनेसोटातले पहिले स्वीडिश वसाहतदार १८५० साली याच परिसरात आले. १८५६चं लाकडी चर्च तिथे अजून जपून ठेवलं आहे. ओंडक्यांच्या भिंती, कोपऱ्यांत एकमेकांत बसवलेल्या खाचा, जाड फळ्यांची पेटी. लेकीने पेटीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाली, “इथे रेघा नाहीत, खरंच जोडलंय.” दोरीच्या खाटेबद्दल मी तिथल्या एका स्वयंसेवक आजींना विचारलं. त्यांनी हातांनी पिळण्याची खूण करत सांगितलं : लाकडाची एक चावी असते, तिच्या खाचेत दोरी धरून पिळायची, भोकात खुंटी ठोकून ताण अडवायचा आणि पुढच्या फेऱ्याकडे जायचं. वर गवत भरलेली गादी. रात्री बाबांना हे सांगितलं तर ते खूष झाले. “चावी ही चांगली युक्ती आहे,” म्हणाले.

परतताना गाडीत लेकीने विचारलं, “इथे यांच्या आधी कोण राहायचं?” कर्स्टनच्या पुस्तकात सिंगिंग बर्ड ही तिची मूळनिवासी मैत्रीण आहे, आणि तिच्या लोकांना उपासमारीमुळे तिथून निघून जावं लागतं, म्हणून हा प्रश्न तिला पडला. मी तिला १८५१च्या करारांबद्दल सांगितलं. त्या करारांनी डकोटा लोकांची मिनेसोटातली बहुतेक जमीन गेली. फर्निचरच्या संचात हे मावणार नाही, पण संचाबरोबर ते पुस्तक दिलं तर मावेल. तेही मी लिहून ठेवलं.

अभिप्राय असा झाला. टेबल बुटकं आहे, बाहुली बसत नाही, कंपनीला कळवावं. पेटीची बिजागरी टिकणार नाही. वाचनालयाने मापाची पातळ लाकडी फळी आतून लावून लांब स्क्रू घालावेत. दिवा खोक्यातून काढून टाकावा. खाट मात्र जशी आहे तशी द्यावी, आणि पुस्तक सोबत द्यावं. शेवटी लिहिलं : या संचातली एकच वस्तू अशी आहे जी मुलाच्या हाताला काम देते, आणि मुलाने त्या काळाबद्दल जे विचारलं ते त्या कामातूनच विचारलं.

परत करायच्या आदल्या रात्री खोकं भरायला घेतलं. पेटी मी दुरुस्त केली होती. खाट विणलेलीच ठेवायची, असं मी गृहीत धरलं होतं. पाहते तर लेक गाठ सोडत बसलेली. मला क्षणभर रुखरुख लागली. एवढ्या मेहनतीने ताणलेली ती खाट होती. मी विचारलं, “अगं, का सोडतेस?”

“विणलेली दिली तर पुढच्या मुलीला काय करायला राहील?” ती म्हणाली.

तिने वीस फूट दोरी हाताच्या पंजाभोवती गुंडाळली, कर्स्टनच्या पेटीत ठेवली आणि वर एक कागद ठेवला. कागदावर इंग्रजीत, क्रमांक घालून, चित्रांसकट लिहिलं होतं : आधी कुठेही ताणू नका. सगळी सैल ओवून घ्या.