रात्री पावणेदोनची पाळी

यंदा पाण्याची पाळी आमच्याकडे रात्री पावणेदोनला आली आहे. दर गुरुवारी, पाऊण तास. गजर लावायचा, गमबूट चढवायचे, डोक्याला बॅटरी बांधायची आणि चारीची फळी उचलायची. सॉल्ट लेक सिटीत राहून मी हे करतो म्हटलं की नामपूरच्या बहिणीला वाटतं, भाऊ थापा मारतोय. मी मात्र स्वतःलाच विचारतो, याच कामासाठी मोसम नदीचा काठ सोडला होता का?

24 जुलै जवळ आला की राग जरा निवळतो. 1847 साली मॉर्मन पुढारी ब्रिगहॅम यंग या दिवशी या खोऱ्यात उतरला, म्हणून युटाभर सुट्टी, मिरवणूक, रात्री फटाके. कापडी छताच्या गाड्या दिमाखात जातात. आधीपासून इथे राहणाऱ्या यूट आणि शोशोनी लोकांचं नाव ऐकायला मात्र कानात तेल घालून बसावं लागतं.

त्या कथेतला एक भाग मला मनापासून आवडतो. इलिनॉयमधलं नावू गाव 1846 च्या फेब्रुवारीत सोडल्यावर ही मॉर्मन मंडळी आयोवाच्या चिखलात रुतली. वाटेत त्यांनी गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिसगा या वस्त्या वसवल्या, रान नांगरलं, पेरलं. पेरणारे बरेचसे पुढे निघून गेले, पीक मागून येणाऱ्यांचं. वारीत पुढच्या दिंडीने मागच्यांसाठी भाकरी झाकून ठेवली तरी आपण कौतुक करतो. इथे ज्वारीच पेरून ठेवली म्हणा ना.

खोऱ्यात पहिली तुकडी पोचली तेव्हा जमीन इतकी टणक की नांगर मोडले. मग ओढा अडवला, रान भिजवलं, बटाटे लावले. पाट निघाले, पाळ्या ठरल्या, आणि पाण्यावर नेमला गेला वॉटरमास्टर. म्हणजे आपला पाटकरीच!

आता तुलना करणारच. मोसमवरची फड पद्धत याहून कितीतरी जुनी, तीन-चारशे वर्षांची. बंधारा, पाट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी भरायचं पाटकऱ्याने, शेतकऱ्याने दाराला हात लावायचा नाही. तिथे जागरण पाटकऱ्याचं, इथे माझं. या बाबतीत मी उघड पक्षपाती आहे. पण वर धरण झालं, विहिरी आणि बोअर वाढले, ज्याची मोटर त्याचं पाणी झालं आणि फड मागे पडले, हेही कबूल करतो.

कामाचं एक सांगतो. फळीच्या कडेने पाणी झिरपत असेल तर प्लास्टिक कोंबू नका, ते वाहून जातं. ओलं गोणपाट कोंबा आणि वर मातीचं ढेकूळ दाबा. ऐंशीच्या घरातल्या शेजारच्या आजोबांनी ही युक्ती मला मोठ्या मायेने शिकवली. ती मला आठव्या वर्षापासून येते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

गोणपाट मात्र इथे सहज मिळत नाही. नामपूरहून कुणी येणार असेल, तर तागाच्या दोन गोण्या बॅगेत टाका. वजनाला काहीच नसतात.