आईच्या वहीतला झपताल

आईनं सांगलीत चाळीस वर्षं गाणं शिकवलं. तिची एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही माझ्याबरोबर लंडनला आली आहे. तिनं स्वतः बांधलेल्या बंदिशी त्यात भातखंडे पद्धतीनं लिहिल्या आहेत : कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, समेला फुली, खालीला शून्य. आता तिचा हात थरथरतो, त्यामुळे वहीत नवं काही येणार नाही.

माझी लेक शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. तिला आजीची वही वाचता येत नाही आणि आजीला तिच्या पाच ओळी कळत नाहीत. दोघींच्या मध्ये मी. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, की वहीतली भूपाची झपतालातली बंदिश दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्यासाठी उतरवायची.

एका शनिवार-रविवारात संगणकावर सगळं उतरवलं, छापलं आणि लेकीच्या तीन मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं. पहिल्याच आवर्तनात गाडी घसरली. मी झपताल पाच-चारच्या मापात लिहिला होता. त्यामुळे दहा मात्रांच्या दोन-दोनच्या पाच जोड्या झाल्या आणि मुलांनी तसंच वाजवलं. दोन-तीन-दोन-तीन अशी झपतालाची चाल पार नाहीशी झाली. त्यातच चेलोवाल्याला ऐन तानेत पान उलटावं लागलं. तो बिचारा म्हणाला, "आंटी, मला तिसरा हात नाही." चूक त्याची नव्हती, यंत्राचीही नव्हती. स्वर बरोबर लिहिले म्हणजे काम झालं, असं मी समजले होते.

पान मांडण्याच्या या कलेला इथे 'एन्ग्रेव्हिंग' म्हणतात, कारण पूर्वी ही पानं धातूच्या पत्र्यावर कोरत असत. वाचनालयातून एलेन गूल्ड यांचं २०११ साली आलेलं 'बिहाइंड बार्स' हे जाडजूड पुस्तक आणलं आणि डोळे उघडले. दुप्पट लांब स्वराला जागा दुप्पट द्यायची नसते, दीडपटीच्या आसपास पुरते. वादकाच्या पानावर पाच ओळींची उंची साधारण सात मिलिमीटर हवी. उजव्या पानाच्या शेवटी विश्रांती यावी, म्हणजे उलटायला हात मोकळा मिळतो.

मग मी तीच बंदिश चार ठिकाणी उतरवून पाहिली. परीक्षा एकच : झपताल नीट दिसतो का?

म्युझस्कोर फुकट आणि मुक्त आहे. मापाच्या गुणधर्मांत जाऊन दहा-आठचे गट दोन-तीन-दोन-तीन करता येतात. २०२२ च्या अखेरीस चौथी आवृत्ती आली, तेव्हा त्यातली मांडणीची बाजू बरीच सुधारली. सुरुवात करणाऱ्यानं इथूनच करावी, असं माझं मत आहे.

लिलिपॉन्डही फुकट आहे. १९९६ मध्ये दोघा डच संगीतप्रेमींनी ते सुरू केलं. त्यात स्वर माउसनं टाकायचे नसतात, सगळं मजकुरासारखं टाइप करायचं. मापाबरोबर २, ३, २, ३ लिहिलं की गट तयार. जुन्या, हातानं कोरलेल्या पानांचा त्यांनी आदर्श ठेवला आहे आणि चौघांत सर्वांत कमी डागडुजी मला तिथे करावी लागली. मात्र एक कंस विसरला की अर्धी संध्याकाळ तो शोधण्यात जाते.

सिबेलियस १९९३ मध्ये याच देशात जुळ्या भावांनी बाजारात आणलं. पुष्कळ व्यावसायिक आजही त्यावर काम करतात. पूर्ण पानात दुरुस्ती केली, की प्रत्येक वादकाच्या पानावर ती आपोआप होते. २०१२ मध्ये त्याचं लंडनमधलं ऑफिस बंद झालं आणि तिथली बरीच मंडळी दुसऱ्या कंपनीत गेली. त्यांनी २०१६ मध्ये डोरिको आणलं. त्याला सोळाव्या शतकातल्या इटालियन संगीतमुद्रकाचं नाव दिलं आहे. डोरिकोत माप लिहिताना चौकोनी कंसात दोन अधिक तीन अधिक दोन अधिक तीन असं दिलं, की गट तसेच पडतात. जागेची विभागणी आणि वादकांची पानं त्यानं जवळजवळ स्वतःच मांडली. पैसे मोजायची तयारी असेल आणि काम रोजचं असेल, तर मी हेच घेईन. वर्षातून चार बंदिशींसाठी म्युझस्कोर पुरतं, आणि शेवटी मी तेच ठेवलं.

पण पान कुठे उलटायचं हे चौघांपैकी कुणीही मला विचारलं नाही. ते माझं मलाच पाहावं लागलं. आईची पट्टी काळी चार, म्हणजे वादकांना चार फ्लॅट. व्हायोलिनवाल्या मुलांना ते जड जाईल म्हणून षड्ज 'डी'वर आणला, तोही माझाच निर्णय. आणि मींड? आईच्या वहीत ती स्वरांवरची एक कमान आहे. पानावर रेघ काढून दिली तरी ती कशी घ्यायची, हे मुलांना गाऊनच दाखवावं लागलं.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांना सांगते. १९८८ पासून चालत आलेल्या फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं. कोणतंही साधन कायमचं नसतं. म्हणून प्रत्येक बंदिश मी म्युझिक-एक्सएमएल आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत ठेवते, आणि एक प्रत कागदावर. आईच्या वहीला आजवर कुठलीच नवी आवृत्ती लागलेली नाही.

दुसऱ्या तालमीला मुलं समेवर एकत्र आली. नवं पान आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चष्मा पुसून तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतंय गं. पण समेला फुली कुठंय?"

त्या रात्री प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर मी फुली टाकली. आता लेक आजीला फोनवर विचारते, "आजी, शून्य कुठं येतं?" आजी सांगते, "सहाव्या मात्रेवर, बाळा."

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात चौघं मिळून ही बंदिश वाजवणार आहेत. नक्की या.