कोश उघडताना

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गास आम्ही ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘माय फादर इज अ कनिंग मॅन.’ आम्ही ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. ‘कनिंग’ म्हणजे धूर्त, कपटी. वर्ग खो खो हसला आणि, सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. मुलगा मान खाली घालून बसला. त्या दिवसापासून त्याने आमच्या तासाला हात वर करणे सोडले.

आम्हांस चैन पडेना. पंधरवड्याने आम्ही गांधीबागेत त्याच्या घरी गेलो. वडील तेथल्याच एका कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. मुलाने घरी काहीच सांगितले नव्हते. चहा झाल्यावर वडिलांनी फळीवरून फडक्यात बांधलेला एक लहानसा मराठी-इंग्रजी कोश काढून आमच्यापुढे ठेवला. “मला इंग्रजी येत नाही, मास्तर; म्हणून पोरासाठी हा घेतला. यात पाहूनच तो लिहितो.”

आम्ही ‘चतुर’ हा शब्द काढला. पुढे चार इंग्रजी शब्द एका ओळीत उभे होते. त्यांत ‘कनिंग’ होता. मुलाने पित्याचा गौरवच केला होता. चारांतून कोणता शब्द घ्यावा, हे मात्र त्यास आम्ही कधी शिकविले नव्हते.

अशा कोशांचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यापुढे वाचक निराळाच होता. मोल्सवर्थ यांचा थोर मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द होते. तो मुख्यतः मराठी शिकणाऱ्या इंग्रजांसाठी होता. एका मराठी शब्दापुढचे चार इंग्रजी शब्द पाहून त्यांतील भेद त्यांस आपोआप कळे, कारण ती त्यांची मातृभाषा. आमचा विद्यार्थी त्याच दारातून उलट दिशेने शिरतो आणि तेथे त्यास वाटाड्या नसतो.

परभाषिक विद्यार्थ्यास इंग्रजी कोश कसा हवा, याचा विचार जपानात झाला. तेथे शिकविणाऱ्या हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह रचलेला कोश १९४२ साली तोकियोत छापला गेला व १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. शब्द वाक्यात कसा बसतो, हे त्यात दाखविले आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे इतकेच की, मराठी-इंग्रजी कोशात शब्द सापडताच लेखणी उचलू नका. तोच शब्द इंग्रजी-मराठी कोशात उलट पाहा. मग इंग्रजी-इंग्रजी कोशात त्याचे वाक्य वाचा. आणि पालकांनी शक्य असल्यास एका कोशाऐवजी दोन घ्यावेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. टेबलावर तिन्ही कोश ठेवले आणि शब्द त्याच्याकडूनच शोधविला. बराच वेळ पाने चाळून त्याने फळ्यावर ‘क्लेव्हर’ असे लिहिले. कोणी हसले नाही. त्याचा हात लगेच वर आला नाही. परंतु नाताळची सुटी संपल्यावर एके दिवशी आला.