सत्तर टक्के सूट

सूट या शब्दात काय जादू आहे कोण जाणे! "ही वस्तू घ्या" असं कुणी म्हटलं की आपण खिशावर हात ठेवतो, आणि "सत्तर टक्के सूट आहे" म्हटलं की तोच हात खिशात जातो. गांधीजयंतीला खादीवर रिबेट लागली, की ज्यांनी जन्मात खादी अंगाला लावली नाही, तेही दोन सदऱ्यांचं कापड घेऊन येतात. साड्यांच्या सेलमधून आलेल्या गृहिणीला "किती खर्च झाले?" असं विचारू नये, ती "किती वाचले" तेवढंच सांगते. आमच्या घरी या पद्धतीने आजवर इतके पैसे वाचले आहेत, की त्यापायी दोनदा सोसायटीचं कर्ज काढावं लागलं.

पण साडी निदान हातात तरी येते. माझ्या पुतण्याने जी खरेदी काढली होती ती हातात येत नाही, डोळ्यांना दिसते ती संगणकाच्या पडद्यावर, आणि कानांना ऐकू येते की नाही यावर तर आमच्या घरात अजून दोन पक्ष आहेत. या वस्तूला प्लगइन म्हणतात.

आमचं बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं गाव. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तरी जुन्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांचं आमच्यावरचं प्रेम काही आटलं नाही. पूर्वी ज्या खोलीत आम्ही कापूस भरायचो, तिथे पुतण्याने स्टुडिओ थाटला आहे. भिंतींना चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आहेत. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून ही सोय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मात्र पाहुण्यांची अंथरुणं वाळत घातल्यासारखी वाटतात. तिथे भजनी मंडळं येतात, १२ जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला वाजवायची गाणी होतात, आणि मधूनमधून खताच्या दुकानाची जाहिरातही.

मिक्सिंग आणि मास्टरिंग म्हणजे काय, हे मला त्यानेच समजावलं. भजनात पखवाजवाला दणकट, पेटीवाला त्याहून उत्साही आणि बुवांचा घसा बसलेला. अशा वेळी प्रत्येकाला त्याच्या जागी बसवणं म्हणजे मिक्सिंग. आणि सगळं जमल्यावर गाणं चारचौघांत नेण्याजोगं करणं, म्हणजे लग्नाला निघालेल्या पोराचा भांग पाडणं, हे मास्टरिंग. या कामाची जी अदृश्य हत्यारं, ती प्लगइन.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी सण असतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, तिकडचे दुकानदार पेटतात आणि त्याची झळ बीबीपर्यंत येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुतण्या अकरा प्लगइनांची यादी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. कारण अर्थातच कार्ड माझं.

"काका, हे फेअरचाइल्ड पाहा. खरं यंत्र १९५०च्या दशकातलं. वीस व्हॉल्व्ह, तीस किलो वजन. आता ते २९ डॉलरमध्ये!"

"तीस किलो?"

"नाही, तसं वजन नाही. चित्र आहे."

तीस किलोचं यंत्र चित्रात मिळतं हे ऐकून मला आमच्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. तिथेही सगळी यंत्रं चित्रातच होती.

यादीत सूर सुधारणारंही एक होतं. हे हत्यार १९९७ साली ज्या अँडी हिल्डेब्रँड यांनी आणलं, ते आधी ध्वनिलहरींच्या गणितावरून जमिनीखालचं तेल शोधण्याच्या धंद्यात होते. जमिनीखालचं तेल सापडतं, तर आमच्या बुवांचा सूर सापडायला हरकत नाही, असं मलाही क्षणभर वाटलं.

पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. खडूची पेटी घ्यायची तरी तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय आमची सही उमटत नाही. मी पुतण्याला पाठकोरा कागद दिला आणि रकाने आखायला लावले. वस्तू, गरज काय, घरात आहे का, मालकीची की भाड्याची, शेरा.

"घरात आहे का" या रकान्यानेच निम्मी यादी गारद केली. तो ज्या रीपर नावाच्या प्रोग्रॅमवर काम करतो, त्याच्या पोटातच आवाजाचे चढउतार आवरणारं आणि जाड-बारीक करणारं हत्यार आहे. आवाजाचा आलेख दाखवणारं स्पॅन तर फुकट मिळतं. मालकीच्या रकान्याने आणखी एक गाळलं. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या मोठ्या कंपनीने कायमची विक्री थांबवून फक्त भाडं सुरू केलं होतं. जगभरच्या गिऱ्हाइकांनी असा कालवा केला, की कंपनीने काही दिवसांतच कायमची विक्री परत आणली. तेव्हा हा रकाना उगाच नव्हता.

"बरं, हे २४९ डॉलरचं २९ ला. मग २४९ ला ते विकतात कधी?"

पुतण्याने बराच विचार केला. "तसं कधी पाहिलं नाही."

उलट वल्हाला नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. ती घुमाऱ्याचे प्लगइन बहुतेक सरसकट ५० डॉलरला देते, बाराही महिने, सेल नाहीच. असा दुकानदार आमच्याकडे असता, तर गावाने त्याला शिष्ट ठरवला असता.

यादीत उरली चार. ती वापरून पाहण्यासाठी काही दिवस फुकट मिळत होती. पुतण्याने बटण दाबून ऐकवलं. "पाहा, किती फरक पडला!" फरक पडला खरा, पण मला शंका आली की आवाज नुसता मोठा झाला. फ्लेचर आणि मनसन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय, की आवाज लहान-मोठा झाला की त्यातला खर्ज-टीप आपल्या कानाला निराळा लागतो. मोठा केला की भरदार वाटतं आणि आपण त्याला चांगलं म्हणतो. निवडणुकीतल्या वक्त्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, दोन्ही आवाज सारखे कर आणि डोळे मीट. मग बटण मी दाबत गेलो. दहा वेळा विचारलं. पाच वेळा तो बरोबर आला. हे काम आमचा बैलही करू शकला असता. शिवाय गाणं मोठं करून उपयोगही नाही. स्पॉटिफायसारखे लोक फार मोठ्या गाण्याचा कान धरून त्याला उणे १४ एलयूएफएसच्या आसपास बसवतात. हे आवाजाच्या मोठेपणाचं माप. वर्गात ओरडणाऱ्या पोराला खाली बसवावं तसं.

"मग काहीच घ्यायचं नाही?" पुतण्या हिरमुसला.

"गरजेच्या रकान्यात काय आहे?"

तिथे त्याने एकच ओळ लिहिली होती. 'आजीच्या ओव्या.'

२०२३च्या दिवाळीआधी हरभऱ्याची डाळ भरडायच्या निमित्ताने माझी माय आणि काकू, दोघी जावा, ओसरीतल्या जात्यावर बसल्या होत्या. पुतण्याने तेवढ्यात माइक लावला. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत, पण त्यांत आमच्या ओसरीतल्या नाहीत. काकू पुढच्या उन्हाळ्यात गेली. जात्याला आता एकच खुंटा, एकच हात. ते गाणं पुन्हा होणार नव्हतं.

आणि काकूच्या सगळ्यांत चांगल्या ओवीवर नेमका एका ट्रकचा हॉर्न आला होता.

सत्तर टक्के सुटीतल्या एका गोंगाट काढणाऱ्या प्लगइनने पुतण्याने ते आधी साफ करून पाहिलं होतं. मायला ऐकवलं. आवाज असा लख्ख, की दोघी जणू काचेच्या पेटीत बसून गात होत्या. मायने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "जातं कुठं गेलं रे पोरा?" जात्याची घरघर त्याने गोंगाट म्हणून पुसून टाकली होती. ओवी ज्या तालावर चालते, तो तालच गेला होता.

त्या दिवशी तक्त्यावर माझी सही झाली ती यादीत नसलेल्या बाराव्या वस्तूवर. हे हत्यार आवाजाचं चित्र काढून दाखवतं, आणि त्यातली हॉर्नची तेवढी रेघ पुसू देतं. किंमत सर्वांत जास्त, सूट सर्वांत कमी. वर १८ टक्के जीएसटी. माझ्या कार्डाला परदेशी व्यवहाराची परवानगीच नव्हती. ती चालू करता करता आमची दुपार गेली. तरी घेतलं. आठ रात्री बसून पोराने ती रेघ केसाकेसाने पुसली. जातं राहिलं, काकूचा शब्दन् शब्द निघाला.

एकच अडचण उरली. हॉर्न वाजल्यावर काकूने जातं थांबवून ट्रकवाल्याला हाणलं होतं, "मेल्या, तुह्या भोंग्याले आग लागो!" आता भोंगा गेला, शिवी राहिली.

"हेही काढू का?" पुतण्याने मायला विचारलं.

"कायले?" माय म्हणाली. "तिचाच तर आवाज हाय तो."

तेव्हा ती ओवी आता तशीच आहे. काकू गाते, थांबते, कुणाला तरी दणकून शिवी देते आणि पुन्हा जातं ओढते. ट्रक कुणालाच ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच बोलली, आणि तो चटकन सावरून बसतो.