आईचे नाव

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि कान यांच्या मध्ये, ज्युआँ-ले-पँ नावाचे गाव आहे. पाइनची झाडे, वाळू आणि निळाशार भूमध्य समुद्र. आम्हांला तिथे ओढून नेले ते मात्र एका कादंबरीने. १९३६ च्या वसंतात पिकासो या गावी लपून राहिला होता आणि एक तरुण स्वयंपाकीण त्याला जेवण पोचवीत असे, अशा कथेची २०१६ सालची एक इंग्रजी कादंबरी आमच्या मंडळी प्रवासभर वाचीत होत्या.

स्वयंपाकीण कल्पनेतली, लपणे मात्र खरे. पत्नीपासून तो वेगळा झाला होता, पण घटस्फोट झाला नव्हता. बरोबर होती मारी-तेरेझ आणि दोघांची सहा महिन्यांची मुलगी माया. जगाला सुगावा लागू नये म्हणून पत्रे त्याने ‘रुइझ’ या नावाने मागवली. रुइझ हे त्याच्या वडिलांचे आडनाव. पिकासो हे आईचे. गाजला तो आईच्या नावाने, लपला तो वडिलांच्या!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आँतीबला गेलो. तिथल्या ग्रिमाल्दी गढीत १९४६ साली त्याने चित्रे काढली. १९६६ पासून त्या संग्रहालयाला पिकासोचे नाव आहे. दारावरची पाटी मी जरा जास्तच वेळ पाहत राहिलो असेन.

बाहेर बाजारात एक बाई भल्यामोठ्या तव्यावर हरभऱ्याच्या पिठाचे काहीतरी भाजीत होती. त्याला सोक्का म्हणतात. पहिला घास घेतला आणि मी थबकलो. हे तर आईचे बेसनाचे धिरडे!

“एक सांगायचं राहिलंय,” मी म्हणालो. “आई शिवणकाम करायची, असं मी तुला सांगत आलो. ते खोटं. ती चार घरी स्वयंपाकाला जायची. कॉलेजात मला लाज वाटायची; मग ते खोटंच अंगवळणी पडलं.”

मंडळींनी कागदाने बोटे पुसली.

“अहो, मला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासूबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस, वाईट वाटेल त्याला.”

अठरा वर्षे! आई जाऊनही आता सहा वर्षे झाली. चार घरच्या चुलींपुढे उभे राहून तिने मला एम.ए. केले, आणि माझी लाजसुद्धा तिनेच झाकून ठेवली.

त्या बाईकडून मी आणखी एक सोक्का मागून घेतला. या दिवाळीत फराळाचे ताट मांडताना आईचा फोटो बैठकीच्या खोलीत लावणार आहे. कुणी विचारले तर सांगेन, उत्तम स्वयंपाक करायची, चार घरचा.