ता. खालापूर, जि. कोणता?

इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "तू कुठला?" पुण्याचा, नागपूरचा पोरगा एका शब्दात सुटतो. आमचं तसं नाही. "कर्जतजवळचा" म्हटलं की समोरचा विचारतो, "कोणतं कर्जत? नगरचं?" (त्या नगरचंही आता अहिल्यानगर झालं आहे!) "नाही रे, लोकलचं कर्जत." मग तो म्हणतो, "म्हणजे ठाणे जिल्हा ना?" नाही, रायगड. तालुका खालापूर. "रायगड म्हणजे अलिबाग!" हे कळलं की त्याला एकदम आनंद होतो, आणि पुढची चार वर्षं आपल्याला कशावरूनही "अलिबागसे आया है क्या?" ऐकावं लागतं. या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक जण मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. २०१९ मध्ये कोर्टाने ती याचिका फेटाळली. त्यामुळे आता इलाज नाही.

पण मित्रांनो, हा नुसता हसण्यावारी न्यायचा विषय नाही, हे मला अॅडमिशनच्या कागदांनी शिकवलं. जात पडताळणीसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक उघडली गेली. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जि. रायगड. बाबांच्या दाखल्यावर जि. कुलाबा. आजोबांच्या दाखल्यावर जि. कुलाबा. आणि ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतला जमिनीचा एक जुना कागद. तो वाचायला बाबा गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग लावून सांगितलं, "जिल्हा ठाणे, तालुका कर्जत, पेटा खालापूर." एकाच घराचे दोन तालुके आणि तीन जिल्हे! फॉर्म तपासणाऱ्या एका खिडकीवर तर बाबांना विचारण्यात आलं, "कुलाबा म्हणजे मुंबईतला का? मग तुम्ही मूळचे इथले नाहीच." बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचं घर जागचं हललेलं नाही. जिल्हाच येऊन जाऊन असतो."

या एका वाक्याने माझं डोकं फिरलं आणि सुट्टीभर मी हा येणारा-जाणारा जिल्हा शोधत बसलो.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला म्हणजे आंग्र्यांचं ठाणं. आंग्र्यांचं राज्य इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केलं. कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. पण त्यात आम्ही नव्हतो. उत्तरेकडचा पनवेल-कर्जतचा भाग ठाण्यातच राहिला. १८८३ मध्ये पनवेल कुलाब्यात गेलं आणि १८९१ मध्ये कर्जत. त्या काळी खालापूर हा कर्जत तालुक्याचाच पेटा, म्हणजे पोटविभाग होता. त्यामुळे कर्जतच्या पाठोपाठ तोही न विचारता गेला. पुढे खालापूरचा वेगळा तालुका झाला. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली तेव्हा जंजिरा संस्थानातले मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि भोर संस्थानातलं सुधागड कुलाबा जिल्ह्यात आलं. १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे १५ तालुके हे एका आईची लेकरं नव्हेत. कोणी आंग्र्यांकडचं, कोणी सिद्दीकडचं, कोणी पंत सचिवांकडचं, आणि आम्ही ठाण्याहून दत्तक आलेले.

दत्तक जाण्याआधीची एक खूण आजही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. माथेरान 'शोधलं' ते ह्यू मॅलेट याने, १८५० मध्ये. (तिथे आधीपासून राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलेलं नव्हतं, हा भाग वेगळा.) हा मॅलेट ठाण्याचा कलेक्टर. आमच्या खालापूर तालुक्यातल्या चौकला त्याचा मुक्काम होता आणि तिथून तो डोंगर चढून गेला. ठाण्याचा कलेक्टर चौकला काय करत होता, असा प्रश्न मला शाळेत पडायचा. उत्तर सोपं आहे. तेव्हा चौक त्याच्याच जिल्ह्यात होतं!

आता जरा आपल्या अभ्यासाकडे येऊ. सर्व्हेइंगच्या पहिल्याच लेक्चरला सर सांगतात की पाणी आपला उतार सोडत नाही. पाणलोट क्षेत्राची रेषा निसर्गाने आखलेली असते, आपण ती फक्त कागदावर घ्यायची. या नियमाने आमच्याकडे बघा. राजमाचीच्या बाजूला उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे जाते, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. खोपोलीची पाताळगंगा मात्र खालापूर तालुक्यातून पश्चिमेला वळून धरमतरच्या खाडीला मिळते, म्हणजे रायगडातच राहते. रेल्वेनेही नदीचंच ऐकलं. कल्याणकडून आलेली गाडी १८५६ मध्ये खोपोलीला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे गेली. म्हणजे कर्जत अलिबागच्या हाताखाली गेलं तेव्हा तिथली माणसं पस्तीस वर्षं कल्याण-मुंबईच्या गाडीत बसत होती. पाण्याचा उतार कल्याणला, रुळाचा उतार कल्याणला आणि सारा भरायचा अलिबागच्या नावाने!

बरं, पाणी तरी नीट आपल्या हद्दीत राहावं ना? टाटांच्या खोपोलीच्या वीजघरात (१९१५) आणि भिवपुरीच्या वीजघरात (१९२२) घाटावरचं, पूर्वेकडे भीमेला जाणारं पाणी खाली कोकणात उतरवलं जातं. वीज झाली की तेच पाणी पाताळगंगेला आणि उल्हासला मिळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात भात दिसतं ते या पाण्याच्या जिवावर. पुणे जिल्ह्यात पडलेला पाऊस, रायगडात फिरलेलं टर्बाइन आणि ठाणे जिल्ह्यात प्यायलेला पेला. एका थेंबाला तीन जिल्हे. त्या मानाने आमचं घर बरंच स्थिर म्हणायचं.

माणसंही अशीच हद्दी ओलांडत आली. माथेरानला जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात 'आझाद दस्ता' उभा केला. विजेचे मनोरे पाडले. कर्जतचे रान कुलाबा जिल्ह्यात आणि लगतचा मुरबाडचा डोंगर ठाणे जिल्ह्यात. दस्त्याच्या दृष्टीने ते सगळं एकच जंगल होतं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तो गड मुरबाड तालुक्यात आहे. माणूस एका जिल्ह्याचा, समाधी दुसऱ्या जिल्ह्यात. पण त्यांच्या आठवणीला कुठली हद्द आड आलेली मी पाहिली नाही.

मग हद्दीने नक्की फरक पडतो कुणाला? आमच्या आजोबांना पडला. ती गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या शेताच्या बांधाचा वाद होता. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत आत आणला होता. जागा किती? दोन गुंठे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटी. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे दोन, म्हणजे आपल्या ड्रॉइंग हॉलएवढी जागा म्हणा ना. प्रांतांकडे निकाल विरुद्ध गेला. पुढचं अपील जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागला. १९८० नंतरची गोष्ट. आजोबा खोपोलीच्या एका कारखान्यात होते. अलिबागला जायचं म्हणजे पहाटे पायी खोपोली, तिथून एसटीने पेण, पेणला गाडी बदलून अलिबाग. तारीख पडायची ती दुपारी, आणि बरेचदा नुसती पुढची तारीख मिळायची. परतीची गाडी पेणला चुकली की स्टँडवर रात्र. म्हणजे एका तारखेला दोन खाडे. आजी सांगते, एकदा तारीख नेमकी लावणीच्या आठवड्यात आली. आजोबांनी हिशेब केला. दोन दिवसांचा पगार, एसटीचं भाडं, वकिलाची फी आणि लावणीला लावावा लागणारा जादा गडी. हिशेब करून ते उठले आणि चिखलात उतरले. अपिलाला गेलेच नाहीत. दोन गुंठे गेले ते गेलेच.

माझी खात्री आहे की त्यांची बाजू खरी होती. पण मी नातू आहे, मी असंच म्हणणार. शेजाऱ्याची बाजू खरी असेल असंही धरू. तरी एक गोष्ट उरतेच. तो वाद कायद्याने सुटला नाही, अंतराने सुटला. जिल्ह्याचं ठाणं कल्याणच्या रेल्वेवर असतं तर आजोबा सकाळच्या गाडीने जाऊन दुपारपाळीला कामावर हजर झाले असते. आजोबांनी कधी कुणाला बोल लावला नाही. फक्त पुढे कुणी अलिबागच्या समुद्राचं कौतुक केलं की ते म्हणायचे, "मी तीनदा गेलो, समुद्र बघायला वेळ झाला नाही."

म्हणूनच जिल्ह्यांचं विभाजन म्हटलं की मला त्यात नुसतं राजकारण दिसत नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना निघालं. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० मध्ये मुंबई उपनगर. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशीम. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर. झाले ३६. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती, देशात सर्वांत जास्त. पण पालघर व्हायला हवं होतं ते या आकड्यापेक्षा जव्हार-मोखाड्याच्या माणसासाठी. त्याला ठाण्याला जाऊन यायला जो दिवस मोडायचा, तो दिवस म्हणजेच आजोबांचा खाडा.

नवा जिल्हा केला की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. नवी इमारत उभी राहते, पाटी लागते, पण खुर्च्या भरायला वर्षं जातात. शिवाय एकच सीमा सगळ्या कामांना चालत नाही, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! कर्जत-खालापूर मिळून आमचा विधानसभा मतदारसंघ. २००४ पर्यंत त्याचं नाव खालापूर, २००९ पासून कर्जत. लोकसभेला आम्ही २००९ पासून मावळमध्ये, म्हणजे थेट पिंपरी-चिंचवडच्या मतदाराबरोबर. जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं तरी 'कुलाबा' हा लोकसभा मतदारसंघ मतदारसंघांच्या नव्या रचनेपर्यंत त्याच नावाने उभा होता! बाबांच्या जुन्या स्कूटरवर पेणचा एमएच ०६, माझ्या बाईकवर पनवेलचा एमएच ४६. आमचे पोलीस रायगडचे, तर शेजारच्या पनवेलचे नवी मुंबईचे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच बॉडीवर पाच कोऑर्डिनेट सिस्टिम बसवलेल्या आहेत आणि व्हायव्हाला मात्र आम्हालाच विचारतात, "ओरिजिन कुठे आहे?"

पुढेही रेषा हलणार. पनवेलला २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, शहर आमच्या दिशेने सरकतंय, आणि नव्या जिल्ह्यांच्या चर्चा अधूनमधून उठत असतातच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ प्रमाणे जिल्हे, तालुके करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. १८९१ मध्ये आमच्या पणजोबांच्या वडलांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारावं लागतं. अडचण एवढीच की ती सूचना कुठल्या तरी नोटीस बोर्डावर लागते आणि आपण त्यावरून नजर फिरवून रिझल्ट शोधतो.

मी एक साधा नियम मनाशी धरला आहे. नकाशावर जिल्ह्याचं ठाणं मोजायचं ते किलोमीटरने नाही, खाड्याने. शेवटच्या वाडीतला माणूस सकाळी निघून, काम करून, त्याच दिवशी दिवेलागणीला घरी येतो का? येत असेल तर जिल्ह्याचं नाव काहीही ठेवा, ठाणे, कुलाबा, रायगड. येत नसेल तर पुढचा मसुदा निघेल तेव्हा हरकतीचा पहिला अर्ज माझा असेल. पत्ता पूर्ण लिहीन, गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोडसकट. आणि हरकतीच्या रकान्यात आजोबांचा हिशेब मांडीन. दोन खाडे, एसटीचं भाडं, वकिलाची फी, एक गडी आणि दोन गुंठे.