पडण्याचा रोजमेळ

व्यापारी घरांत खेळाला फारशी प्रतिष्ठा कधीच नव्हती. मुलाने क्रिकेट खेळावे, पण दहावीचे वर्ष येईपर्यंत. मोठ्या माणसांचा खेळ म्हणजे दिवाळीतले पत्ते, आणि तेही पुष्कळ घरांतून गेले, हे बरेच झाले. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते, त्यामुळे खेळ या शब्दाबरोबरच संशय येतो. अशा घरातील एक अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, नगरच्या आडते बाजारात वडिलांपासून चालत आलेली पेढी सांभाळणारे, रोज रात्री संगणकासमोर बसतात आणि एका लहानशा मुलीला डोंगर चढवीत शेकडो वेळा खाली पाडतात, हे कळले तेव्हा नातेवाइकांत हसू झाले. घरात मात्र ते हसण्यावारी गेले नाही.

खेळाचे नाव 'सेलेस्ट'. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी आधी चार दिवसांत त्याचे एक छोटे रूप तयार केले होते; त्यावरून वाढवलेला पूर्ण खेळ जानेवारी 2018 मध्ये आला. कॅनडातील एका डोंगराचे शिखर गाठू पाहणारी मॅडेलिन नावाची मुलगी, एवढीच त्याची कथा. तिला तीन गोष्टी येतात. ती उडी मारते, भिंतीला धरून थोडा वेळ चढते, आणि हवेत असताना आठांपैकी एका दिशेने एकदाच झेपावते. झेप वापरली की तिचे तांबडे केस निळे होतात. जमिनीला पाय लागले की पुन्हा तांबडे. म्हणजे शिल्लक किती आहे, ते केसांच्या रंगावरून कळते. बाकी काही शिकायचे नाही. सगळी अडचण त्या तीन गोष्टी कोणत्या क्षणी, कोणत्या क्रमाने करायच्या यात आहे.

पडदाभर एक खोली. खोलीत खिळे, खचणारे दगड, वारा. चुकले की मुलगी संपते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच खोलीच्या दाराशी पुन्हा उभी राहते. मागचे काही हिरावले जात नाही, दंड नाही, उपदेश नाही. आणि प्रत्येक टप्प्यात आपण किती वेळा पडलो, किती वेळ लागला, किती स्ट्रॉबेऱ्या वेचल्या याची नोंद खेळातल्या एका वहीत होत राहते. ही वही पाहूनच आमच्या गृहस्थांना खेळ आपला वाटला असावा. आयुष्यभर रोजमेळ लिहिलेला माणूस. ज्या खेळात अपयशाचाही जमाखर्च ठेवला जातो, तो त्यांना परका कसा वाटणार?

पुतण्याने दुकानाच्या जुन्या लॅपटॉपवर खेळ टाकून दिला तो गंमत म्हणून. काका दोन दिवसांत कंटाळतील अशी त्याची खात्री होती. पहिल्या रात्री ते पाऊण तासात त्र्याण्णव वेळा पडले. दुसऱ्या दिवशी बाजारात भाव फुटत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर तीच खोली होती. पुतण्या स्वतः 'डार्क सोल्स' खेळतो. हिदेताका मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या, 2011 साली आलेल्या त्या खेळाने अवघडपणाची एक नवी चव जगाला लावली, असे त्या क्षेत्रातले लोक मानतात. पण त्यात तलवार आहे, रक्त आहे. काकांनी तो एकदा पाहिला आणि हात जोडले.

अवघडपणाचा इतिहासही व्यापारी नजरेने पाहण्याजोगा आहे. 1978 साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, 1980 मध्ये 'पॅक-मॅन' आला. हे खेळ नाणे टाकून चालायचे. गिऱ्हाईक जितके लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडेल, आणि फारच लवकर हरले तर ते परत यायचे नाही. या दोहोंच्या मधला बिंदू शोधणे हा त्या काळच्या खेळ बनवणाऱ्यांचा धंदा होता. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली पार्लरे निघाली आणि शाळकरी मुलांच्या खिशांतली नाणी तिकडे जाऊ लागली. आज मोबाइलवर फुकट मिळणारे पुष्कळ खेळ उलट्या वाटेने जातात. आरंभी सोपे, मग हळूच अडवतात, आणि पैसे भरले की वाट मोकळी करतात. 'सेलेस्ट'ची किंमत एकदाच द्यायची. मागून कोणी हात पसरत नाही. अवघडपणातून त्याला काही कमवायचे नाही, मग तो अवघड का, या प्रश्नाने आमच्या गृहस्थांना बरेच दिवस छळले.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी. त्यांवर 2023 च्या ऑक्टोबरपासून अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला, आणि 2025 साली संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदाच केला. त्या खेळांनी उठवलेल्या घरांच्या कहाण्या बाजारात सर्वांना ठाऊक आहेत. त्यामुळे पत्नीने पहिल्यांदा विचारले तेही हेच: "यात पैसे जातात का?" नाही म्हटल्यावर तिने विचारले, "मग मिळतं काय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. स्ट्रॉबेऱ्या मिळतात. पण त्यांचा मित्रांवर छाप पाडण्यापलीकडे फारसा उपयोग नाही, असे खेळच प्रामाणिकपणे सांगून टाकतो. ज्या माणसाने चाळीस वर्षांत नफ्याशिवाय पोतेही इकडचे तिकडे केले नाही, तो एका निरुपयोगी फळासाठी रात्री साठ वेळा खिळ्यांवर पडतो. नेमके येथेच त्याचे आकर्षण असावे. पेढीवर चूक झाली की ती कोणाच्या तरी नावे निघते. उधारी बुडते, नाते बिघडते, मुनीम तोंड पाडून बसतो. येथे चूक फक्त चूक असते. शिवाय यश आपल्या बोटांचे असते; तेजी-मंदीचे, पावसाचे किंवा सरकारी धोरणाचे नसते. बाजारात इतके स्वच्छ श्रेय कोणाच्याही वाट्याला येत नाही.

एक बारकावा त्यांना फार आवडला. कडेवरून मॅडेलिनचा पाय सुटल्यानंतरही क्षणाचा लहानसा अंश खेळ तिची उडी मान्य करतो. खेळाडूला वाटते, आपण अगदी काठावर साधले. प्रत्यक्षात खेळाने थोडे सोडून दिलेले असते. निर्मात्यांनी हे उघडपणे सांगितलेले आहे. बिलावरचे शेवटचे रुपये कसर म्हणून सोडणारा व्यापारी गिऱ्हाइकाला ते बोलून दाखवीत नाही, त्यातलाच हा प्रकार. कठोर दिसणाऱ्या खेळाच्या आत ही उदारता आहे, हे कळल्यावर त्यांचा त्याच्यावरचा राग पुष्कळ उतरला.

'साहाय्य' नावाची एक सोयही त्यात आहे; वेग कमी करता येतो, मरणच बंद करता येते. सात वर्षांचा नातू ती सोय लावून आनंदाने शिखरावर जाऊन आला. आजोबांनी तिला हात लावला नाही. यात जिद्द किती आणि मान-कषाय किती, याची फोड त्यांनी केलेली नाही. करायला हवी होती.

घरात त्यांच्या आईला सगळे 'बाई' म्हणतात. वय एक्क्याऐंशी. डोळ्यांनी वाचता येईनासे झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, रोज रात्री नऊ वाजता मुलगा त्यांना धर्मकथा वाचून दाखवतो. दहा पाने वाचायची, असा ठरलेला शिरस्ता. खेळ सुरू झाल्यावर दहाची सात झाली, मग चार. आवाजही घाईचा झाला. बाई काही बोलल्या नाहीत. पण रोज पुस्तक हातात घेऊन त्या खुणेच्या अलीकडची आणि पलीकडची जाडी चाचपून पाहत. एका सकाळी सुनेला एवढेच म्हणाल्या, "हे पुस्तक या चौमासात होणार नाही." सुनेने ते नवऱ्याला सांगितले. त्या दिवशी दहा पाने झाली; तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पाच.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले असून ते 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्याची लक्षणे अशी: आवर घालता न येणे, इतर कामांपेक्षा खेळाला वाढते प्राधान्य, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकलेले असणे. त्या मापाने आमचे गृहस्थ रोगी ठरत नाहीत. पेढी वेळेवर उघडत होती. पण सहा पाने कमी झाली होती, आणि त्या सहा पानांसाठी कोणत्याही वर्गीकरणात रकाना नाही. आपल्याकडे श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण आहे: ज्याचे प्रयोजन नाही, अशा दोषापासून दूर राहणे. त्यात प्रमादाचरण येते, अपध्यानही येते. स्थानकातील एका जाणत्या श्रावकांनी हे नाव घेतले तेव्हा गृहस्थांनी वाद घातला नाही. कशाचाही लाभ नाही हीच ज्याची गोडी, त्याला निष्प्रयोजन नाही तर काय म्हणणार?

बाईंनी अखेर स्वतःच विषय काढला. "त्यात कोणी मरतं का रे?"

"मीच मरतो, बाई."

"किती वेळा?"

"आजपर्यंत एकोणीसशे."

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी यशोधर राजाची गोष्ट काढली. ही कथा आपल्याकडे प्राकृत, संस्कृत, अपभ्रंश आणि कन्नड अशा सगळ्या भाषांत सांगितली गेली आहे. सोमदेवसूरींचे 'यशस्तिलक' 959 सालचे. पशूचा बळी द्यायला राजा तयार नव्हता, म्हणून आईच्या आग्रहाने त्याने पिठाचा कोंबडा करून कापला. जीव कोणाचाच गेला नाही; तरी मनात मारण्याचा भाव होता म्हणून माय-लेक दोघेही जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत हिंडले. पडद्यावरची माणसे खोटीच असतात, या तरुणांच्या युक्तिवादाला हजार वर्षांपूर्वी दिलेले हे उत्तर आहे, आणि पुतण्याच्या तलवारीपुरते ते चपखल बसते. मॅडेलिनला मात्र कोणाचा जीव घ्यावा लागत नाही. तिच्याच मनातली भीती तिची सावली होऊन तिचा पाठलाग करते, आणि पुढे ती सावली हरवून संपवायची नसते, तिला सोबत घ्यायचे असते; मग एकाऐवजी दोन झेपा मिळतात. हे ऐकून बाईंनी विचारले, "मग वरच्या डोंगरावर दोघी जातात?" होय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं. पण वाचायचं राहिलंय ते वाच."

पर्युषणाचे आठ दिवस न खेळण्याचे पच्चक्खाण त्यांनी घेतले. व्याख्यान, प्रतिक्रमण, वाचन, सारे यथासांग. पण तिसऱ्या दिवशी कायोत्सर्गात उभे असताना बंद डोळ्यांपुढे सातव्या टप्प्यातील एक खोली आली, आणि डाव्या हाताची बोटे आपोआप हलू लागली. संगणकावर ज्या तीन बोटांनी उडी, झेप आणि पकड साधतात, तीच बोटे. अर्धवट राहिलेले काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा अधिक आठवते, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1927 साली मांडले होते. वसूल न झालेली उधारी कशी रात्री जागवते, हे जाणणाऱ्या व्यापाऱ्याला त्यात नवे काही नाही. पण देवासमोर उभे असताना लॅपटॉप बंद असून खेळ चालू आहे, हे त्यांना बोचले. संवत्सरीला बाईंना खमावताना त्यांचा आवाज भरून आला तो त्यामुळेच, असे पत्नीला वाटते.

नवव्या दिवशी ती खोली सातव्या प्रयत्नात पार झाली. विश्रांतीनंतर हाताचे कौशल्य अनेकदा अधिक पक्के होते, एवढेच त्याचे कारण. ते तपाच्या खात्यात जमा करण्याचा मोह काही जणांना झाला, तो टाळलेला बरा. आठवडाभराने शिखर आले. वहीत एकूण पडणे दोन हजार सहाशे अकरा.

आता वाचन आधी होते, दहा पानांचे. त्यानंतर खेळ एक मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. फोनवर गजर लावून. सामायिकाचे माप याला लावलेले बाईंना मुळीच पसंत पडले नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून मुलाने तीन मिनिटे कमी करून पाऊण तास केला. महिन्यातून दोनतीनदा गजर वाजूनही तो उठत नाही, हेही घरात सर्वांना माहीत आहे.

शिखर झाले तरी खेळ संपलेला नाही. त्यात सोनेरी स्ट्रॉबेरी असते. ती पहिल्या खोलीत उचलायची आणि एकदाही न पडता टप्प्याच्या अखेरीस न्यायची. मध्ये कोठेही चूक झाली की पुन्हा पहिल्या खोलीपासून. येथे कसर सुटत नाही. पहिल्या टप्प्याची सोनेरी स्ट्रॉबेरी गेले चार महिने त्यांच्या हाती लागलेली नाही. दोन वेळा ती शेवटच्या खोलीत गेली. रात्री वाचन संपून पुस्तकात खूण ठेवली की बाई विचारतात, "आज जमेल?" आणि उत्तराची वाट न पाहता उशी नीट करून आडव्या होतात.